उद्योगसंस्था असतेच कशासाठी? बाजार, करार आणि मालकी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळे काही बाजारात विकत मिळत असताना उद्योगसंस्था लागतेच कशाला?

अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात किंमतच सगळे ठरवते. भाव वाढला की माल आणि माणसे तिकडे वळतात. कारखान्याच्या फाटकातून आत गेलो, की ही किंमत कुठे दिसेनाशी होते. लेथवरचा कामगार प्रेस शॉपमध्ये जातो, कारण सुपरवायझरने त्याला तसे सांगितलेले असते. तिथली मजुरी वाढलेली नसते. मग बाजार इतका कार्यक्षम असेल तर हा हुकमाने चालणारा भाग उरलाच कसा?

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांना हा प्रश्न विद्यार्थिदशेतच पडला. १९३१-३२ मध्ये लंडन विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतले कारखाने पाहत फिरले. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये डंडी येथे त्यांनी व्याख्यानात आपली मांडणी केली, आणि लेख छापून आला १९३७ मध्ये. त्यात त्यांनी डेनिस रॉबर्टसन यांची एक उपमा घेतली आहे: बाजार म्हणजे ताकाचे भांडे आणि उद्योगसंस्था म्हणजे त्यात जमणारे लोण्याचे गोळे. गोळे का जमतात याचे कोस यांनी दिलेले उत्तर असे, की बाजार वापरण्यालाही खर्च येतो. हाच व्यवहार-खर्च. तोच व्यवहार हुकमाने आत उरकणे स्वस्त पडते, तिथे उद्योगसंस्था उभी राहते. या कामाची थोरवी ओळखायला बराच काळ लागला. नोबेल मिळाले १९९१ मध्ये.

व्यवहार-खर्च म्हणजे नेमके कोणते खर्च?

ते वस्तूच्या किमतीत दिसत नाहीत. योग्य पुरवठादार शोधणे, त्याचा भाव रास्त आहे का हे कळून घेणे, घासाघीस करणे, करार लिहिणे, आलेला माल तपासणे, वजन-माप पडताळणे, वाद झाला तर निवाडा करून घेणे आणि मध्येच परिस्थिती बदलली तर करार पुन्हा जुळवणे, हे सगळे त्यात येते.

यातला शेवटचा खर्च सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी लेखला जाणारा आहे. पुढच्या पाच वर्षांत काय काय होईल हे कोणालाच आधी लिहून ठेवता येत नाही. हर्बर्ट सायमन यांनी माणसाच्या आकलनाला मर्यादा असतात हे ठासून सांगितले. ऑलिव्हर विल्यमसन यांनी १९७५ पासून त्यावर इमारत उभी केली: करार नेहमी अपुरेच राहतात, आणि त्या अपुरेपणाचा फायदा उठवणारा कोणीतरी निघतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच अडचण होते. समोरचा पूर्ण प्रामाणिक असेल तर ‘वेळ आली की मिळून ठरवू’ एवढे एक वाक्य पुरे.

मग सगळा देश एकाच कंपनीत का सामावत नाही?

कारण हुकमालाही खर्च आहे. व्याप वाढला की वरच्या माणसाला खालची खबर उशिरा आणि गाळून पोहोचते. कोणाला बजेट, कोणाला बढती, यासाठी वरिष्ठांचे मन वळवण्यात माणसांचा वेळ जातो. पॉल मिलग्रॉम आणि जॉन रॉबर्ट्स यांनी या खर्चाचा स्वतंत्र अभ्यास केला. शिवाय स्वतंत्र पुरवठादार वाचवलेला रुपया घरी नेतो, विभागप्रमुख नेत नाही.

यावर हुशार विद्यार्थी विचारतात, की पुरवठादार विकत घ्यायचा, त्याला पूर्वीसारखाच मोकळा ठेवायचा आणि गरज पडली तरच हस्तक्षेप करायचा, असे का नाही? विल्यमसन यांचे उत्तर फार महत्त्वाचे आहे. ‘गरज पडली तरच’ हे वचन विश्वासार्ह नसते. नफा कसा मोजायचा, यंत्राची झीज किती धरायची, कोणता खर्च कोणाच्या माथी मारायचा हे आता मालकाच्या हातात असते. विभागप्रमुखाला ते माहीत असते, म्हणून तो पूर्वीइतका जीव लावून काम करत नाही.

‘मोठ्या प्रमाणावर उत्पादन स्वस्त पडते म्हणून कंपन्या असतात’ हे उत्तर चुकीचे आहे का?

अपुरे आहे, आणि परीक्षेत सर्वांत जास्त गुण याच उत्तरात जातात. मोठे यंत्र स्वस्तात माल काढते हे खरे. पण त्या यंत्राचा मालक वेगळा राहून दहा जणांना जॉबवर्क करून देऊ शकतो. तांत्रिक जवळिकीचेही तसेच. पोलाद गरम असतानाच लाटले की इंधन वाचते, म्हणून भट्टी आणि रोलिंग मिल शेजारी हव्यात, इतकेच सिद्ध होते. दोन्हींचा मालक एक का, हे त्यातून कळत नाही. ते कळायला शेजारी बांधलेल्या दोन कारखान्यांना एकमेकांशी करार करणे किती अवघड जाईल हे पाहावे लागते.

अंगचोरीचा सिद्धांत काय आहे?

आर्मेन अल्चियन आणि हॅरोल्ड डेमसेट्झ यांनी १९७२ मध्ये मांडलेला. दोन हमाल मिळून जड खोका ट्रकमध्ये चढवतात. एकूण किती खोके चढले ते दिसते, कोणी किती जोर लावला ते दिसत नाही. मग प्रत्येकाला थोडी अंगचोरी परवडते. यावर उपाय म्हणून एकाने देखरेख करायची. पण देखरेख करणाऱ्यानेच अंगचोरी केली तर? म्हणून सगळ्यांचे ठरलेले देऊन उरेल ते त्याला द्यायचे. हा उरलेल्या रकमेचा धनी म्हणजेच मालक.

महाराष्ट्रातली ऊसतोड या सिद्धांताच्या कसोटीला छान उतरते. उलट बाजूने. तोडलेला ऊस वजनकाट्यावर मोजता येतो, म्हणून टनावर मजुरी देता येते आणि कारखान्याला फडाफडांत देखरेख ठेवावी लागत नाही. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंतचा, म्हणून बारमाही नोकरीही परवडत नाही. टोळी जमवणे, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाटणे, माणसे वेळेवर हजर करणे हे काम मुकादमाकडे जाते. मोजणे सोपे, म्हणून काम नोकरीच्या बाहेर.

दोन गोष्टी मात्र या चित्रात हरवतात. टोळी उचल घेऊन आलीच नाही, तर तो बोजा मुकादमावर आणि वाहतूकदारावर पडतो. आणि कोयत्यावर काम करणाऱ्या जोडप्याचा अपघात, निवारा, पोरांची शाळा यांची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कोणीच स्वतःकडे घेत नाही. व्यवहार बाहेर ठेवल्याने वाचलेल्या खर्चातला काही भाग तिसऱ्याच्याच अंगावर गेलेला असतो. सिद्धांत वापरताना हे वेगळे मोजलेच पाहिजे.

अडवणूक म्हणजे काय? आकड्यांत सांगता येईल का?

येईल. समजा, चाकणच्या एका वाहन कंपनीसाठी भोसरीतला लघुउद्योजक एक प्रेस पार्ट बनवणार आहे. त्यासाठी लागणारी डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) ₹२४ लाखांची, आणि ती दुसऱ्या कोणाच्याही कामाची नाही. भंगाराची किंमत सोडून देऊ. तीन वर्षांत ३ लाख नग जाणार, म्हणजे डायचा भार नगामागे ₹८. पत्रा, मजुरी, वीज मिळून ₹३८. प्रेसचा तोच वेळ दुसऱ्या कामाला दिला असता तर नगामागे ₹४ सुटले असते. एकूण भाव ठरला ₹५०.

डाय बनली. आता खरेदी विभागाने ₹४३ वर बोट ठेवले तर? उद्योजक चिडेल, पण काम सोडणार नाही, कारण ₹४२ च्या वर जे मिळेल ते काम सोडण्यापेक्षा बरेच. डायचे पैसे आता बुडीत आहेत. नगामागे ₹८, एकूण ₹२४ लाख, एवढी रक्कम समोरच्याच्या तावडीत सापडली. हीच अडवणूक. बेंजामिन क्लाइन, रॉबर्ट क्रॉफर्ड आणि अल्चियन यांनी १९७८ मध्ये ही रक्कम हेच उभ्या एकत्रीकरणाचे, म्हणजे पुरवठादार आणि गिऱ्हाईक एकाच मालकीखाली येण्याचे, मूळ मानले.

अडवणूक दोन्ही बाजूंनी होते. नवी डाय बनवून, ट्रायल घेऊन, नमुना मंजूर व्हायला तीन महिने लागणार असतील, तर उद्योजकही ऐन उत्पादनाच्या दिवसांत भाववाढ मागू शकतो. करारापूर्वी पन्नास जण स्पर्धेत होते, करारानंतर दोघेच एकमेकांना बांधले गेले. विल्यमसन याला मूलभूत स्थित्यंतर म्हणतात. सर्वांत मोठे नुकसान भांडणाचे नसतेच. अडवणुकीच्या भीतीने उद्योजक चांगली डाय बनवतच नाही. तो कामचलाऊ, चार ठिकाणी वापरता येईल अशी बनवतो आणि नग महाग पडतो.

डायची मालकी कंपनीची आणि डाय व्हेंडरकडे (पुरवठादाराकडे), हा प्रकार कशात मोडतो?

अर्ध्या एकत्रीकरणात. वाहन उद्योगात हे सर्रास चालते, कारण वरच्या उदाहरणातले ₹२४ लाख कंपनीने घातले की उद्योजकाच्या डोक्यावरची टांगती तलवार जाते. जीएसटी कायद्यालाही ही रीत मान्य आहे: जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत यावी लागते, पण साचे, डाय, जिग आणि फिक्स्चर यांना ती मुदत नाही. डायची डागडुजी कोणी करायची हे मात्र करारात लिहून घ्या. मालकी एकाची आणि हाताळणी दुसऱ्याची असली की देखभालीची हेळसांड होते.

जनरल मोटर्स आणि फिशर बॉडीचे उदाहरण खरे आहे का?

तारखा खऱ्या आहेत: मोटारींचे सांगाडे बनवणाऱ्या फिशर बॉडीत जनरल मोटर्सने १९१९ मध्ये ६० टक्के वाटा घेतला आणि १९२६ मध्ये ती पूर्ण ताब्यात घेतली. क्लाइन यांच्या मांडणीप्रमाणे, खर्चावर १७.६ टक्के चढवून भाव देण्याच्या करारामुळे फिशरला खर्च वाढवण्यातच फायदा होता आणि जनरल मोटर्सच्या कारखान्यांशेजारी यायला ती तयार नव्हती. स्वतः कोस यांनी २००० मध्ये कागदपत्रांच्या आधारे याला विरोध केला. अशी अडवणूक झाल्याचा पुरावा नाही, आणि फिशर बंधूंचे कसब आत आणणे हा खरा हेतू होता, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ए. ओ. स्मिथ या कंपनीचेही उदाहरण दिले: जनरल मोटर्ससाठी चॅसिसच्या चौकटी बनवणारी ही कंपनी कोणी विकत न घेताही वर्षानुवर्षे पुरवठा करत राहिली.

आमच्या मते वर्गात हे उदाहरण अडवणुकीचा पुरावा म्हणून शिकवू नये, वाद म्हणून शिकवावे. दीर्घ संबंध आणि बाजारातली पत हीसुद्धा अडवणूक रोखतात, हे त्यातून दिसते.

ऑलिव्हर हार्ट यांनी नवे काय सांगितले?

विल्यमसन यांच्या मांडणीत एकत्रीकरण झाले की अडवणूक थांबते. का थांबते, हा प्रश्न सॅनफर्ड ग्रॉसमन आणि हार्ट यांनी १९८६ मध्ये धरला. पुरवठादार नोकर झाला म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. बदलते ते एवढेच, की करारात जे लिहिलेले नाही त्याबद्दल यंत्र, जागा, डाय यांचे काय करायचे हे आता मालक ठरवतो. हा उरलेला अधिकार म्हणजेच मालकी.

यातून एक नेमका नियम निघतो. मालकी एकाला दिली की त्याची गुंतवणुकीची उमेद वाढते आणि दुसऱ्याची घटते. म्हणून ज्याने जीव ओतल्याने एकूण फायदा जास्त वाढतो, त्याच्याकडे मालकी जावी. हार्ट आणि बेंट होल्मस्ट्रॉम यांना २०१६ मध्ये नोबेल मिळाले; विल्यमसन यांना २००९ मध्ये, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्यासोबत.

महाराष्ट्रात साखर कारखाने शेतकऱ्यांच्याच मालकीचे का झाले?

वरचे सगळे सिद्धांत इथे एकत्र भेटतात. ऊस तोडला की साखर उतरू लागते. २४ तासांच्या आत गाळप होणे चांगले. म्हणजे लांबच्या कारखान्याला ऊस पाठवण्याची धमकी पोकळ. ‘सुरू’ लागणीचा ऊस वर्षभर आणि ‘आडसाली’ लागणीचा सुमारे दीड वर्ष रानात असतो, तेव्हा खर्च आधीच झालेला. तोड लांबली तर तुरे फुटतात आणि वजन घटते, लवकर झाली तर ऊस कोवळा. परवानगी मिळालेल्या दोन कारखान्यांमध्ये महाराष्ट्रात २५ किलोमीटरचे हवाई अंतर लागते, त्यामुळे शेजारी नवा गिऱ्हाईक सहजी उभा राहत नाही. आणि कारखान्यालाही दुसरीकडचा ऊस परवडत नाही. दोघेही एकमेकांना बांधलेले.

अशा वेळी तोडणीचा क्रम कोणी लावायचा, भाव किती, हप्ता कधी, हे कितीही बारीक करार केला तरी आधी लिहिता येत नाही. मग शेतकऱ्यानेच कारखाना घ्यावा, हा मार्ग उरतो. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९५० च्या सुमारास तो काढला आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी उभा राहिला. सभासदांनी मालकी घेतली ती अडवणुकीची भीती काढायला. भीती गेली म्हणून ऊस लावायची हिंमत वाढली.

मालकी हा उपाय, तर कायदा हा दुसरा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे रास्त व किफायतशीर दर १४ दिवसांत द्यावा लागतो, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. खासगी कारखान्याला ऊस घालणाऱ्याला आधार आहे तो याचाच.

मग काटामारीची, म्हणजे वजनात लुबाडल्याची, तक्रार का संपत नाही?

कारण मालकीने मोजमापाचा प्रश्न सुटत नाही. वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि प्रत्येक गाडीचा साखर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) वेगळा मोजला जात नाही. दर ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. योराम बार्झेल यांनी दाखवले होते, की मोजणे महाग असते तिथे जे मोजले जात नाही त्याची काळजी घेणे माणसे सोडतात. एकट्याने गोड ऊस पिकवला तरी त्याचा फायदा हजारो सभासदांत वाटला जातो. साहजिकच शेतकरी टनेजवाल्या जातीकडे झुकतो. काट्याचे प्रमाणीकरण आणि कुठल्याही बाहेरच्या काट्यावर वजन करून आणण्याची मुभा, एवढ्याने वजनाचा वाद पुष्कळ मिटतो. उताऱ्याचा मिटत नाही.

सभासदच मालक, तरी काही सहकारी कारखाने गाळात का गेले?

सामुदायिक मालकीला निर्णयाचा खर्च असतो. हेन्री हान्समन यांचे म्हणणे असे, की मालकांचे हित एकसारखे असेल तर हा खर्च कमी. सगळे ऊसच पिकवतात, म्हणून सहकार इथे रुजला. पण तीस एकरवाला आणि दोन एकरवाला यांचे हित पूर्ण जुळत नाही. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवरच हा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या शेतकऱ्यांच्या हाती सत्ता असते. ते उसाचा भाव खाली ठेवून पैसा कारखान्यात राखतात आणि तो नंतर आपल्या सोयीने वापरतात. याचा खर्च मोठ्यांनाही सोसावा लागतो, कारण त्यांच्याही उसाला तोच भाव. म्हणून लहान-मोठ्यांची सरमिसळ जिथे जास्त, तिथे भाव दबलेला आढळतो.

सहकारावर जीव असणाऱ्यांनी हा निष्कर्ष टीका म्हणून बाजूला सारू नये. वार्षिक सभेत ऊसदराबरोबर राखीव निधी, बिगरपरतीच्या ठेवी आणि उपपदार्थांचे उत्पन्न यांचा हिशेब मागायचा कशासाठी, याचे कारण त्यात आहे.

करांमुळे उद्योगसंस्थेची हद्द बदलते का?

बदलते, आणि कोस यांनी १९३७ मध्येच ते लिहिले होते: विक्रीकर बाजारातल्या व्यवहारावर लागतो, आतल्या हालचालीवर नाही. भारतात केंद्रीय विक्रीकर असताना परराज्यात विकलेल्या मालावर कर लागे, पण स्वतःच्याच डेपोला एफ फॉर्मवर (ही विक्री नाही असे दाखवणाऱ्या दाखल्यावर) पाठवलेल्या मालावर नसे. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवत. १ जुलै २०१७ पासून जीएसटीत दुसऱ्या राज्यातल्या स्वतःच्या शाखेला माल पाठवला तरी कर लागतो आणि त्याचे क्रेडिट मिळते. केवळ करापोटी डेपो ठेवण्याचे कारण उरले नाही.

हा सगळा कार्यक्षमतेचा हिशेब झाला. सत्तेचे काय?

स्टीफन मार्ग्लिन यांनी १९७४ मध्ये हाच आक्षेप घेतला. त्यांच्या मते कारखाना आला तो विणकरांचा वेळ आणि कामाची पद्धत मालकाच्या ताब्यात आणायला, स्वस्ताई दुय्यम. हार्ट यांचा ‘उरलेला अधिकार’ हीसुद्धा सत्ताच आहे, म्हणून दोन्ही प्रवाह एकमेकांना वाटतात तितके परके नाहीत.

पुरावा कितपत भक्कम आहे?

अडवणुकीच्या बाजूने चांगला. पॉल जॉस्को यांनी अमेरिकेतल्या कोळशाच्या शेकडो करारांचा अभ्यास केला. खाणीच्या तोंडाशीच बांधलेल्या वीजकेंद्रांत एकत्र मालकी किंवा फार लांब मुदतीचे करार आढळले. जिथे कोळसा अनेक खाणींतून येऊ शकतो तिथे मुदती आखूड. कर्क मॉन्टेवर्डे आणि डेव्हिड टीस यांनी १९८२ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्सचे १३३ सुटे भाग तपासले. ज्या भागाच्या रचनेत अभियंत्यांचे श्रम जास्त, तो घरात बनण्याची शक्यता जास्त.

आमच्या वर्कशॉपला एखादे काम आत घ्यायचे की बाहेर द्यायचे, हे कसे ठरवावे?

आधी भाव विचारू नका. आधी त्या कामासाठी होणारी अशी गुंतवणूक शोधा, जी नाते तुटल्यावर वाया जाईल: डाय, फिक्स्चर, शेजारी घेतलेली जागा, माणसांना दिलेले खास शिक्षण. वरच्यासारखा नगामागचा अडकलेला आकडा काढा. आकडा किरकोळ असेल तर तीन कोटेशन घ्या आणि काम बाहेर द्या. एवढ्यासाठी स्वतःचा विभाग उघडणे महाग पडते.

आकडा मोठा असेल तर पुढचा प्रश्न: काम किती वेळा लागते आणि रचना किती वेळा बदलते? अधूनमधून लागणाऱ्या कामासाठी स्वतःचे यंत्र रिकामे बसते. अशा वेळी करारातच बंदोबस्त करा. डायची मालकी आणि ती परत नेण्याचा हक्क, पत्र्याच्या भावाप्रमाणे दर आपोआप बदलण्याचे सूत्र, किमान खरेदीचा आकडा, लवाद कुठे बसेल. तुम्ही नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असून पुरवठा करत असाल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत मिळायला हवेत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. करारात ९० दिवस लिहिले तरी ही मर्यादा हलत नाही.

काम रोजचे, रचना सतत बदलणारी आणि अडकलेला पैसा मोठा, या तिन्ही गोष्टी जमून आल्या तरच ते आत घ्या. घेताना कुशल माणूस तुमच्याकडे टिकेल का ते पाहा. यंत्र विकत घेता येते. पण ते यंत्र चालवणारा टूलरूमचा माणूस समोरच्या गल्लीत स्वतःचे दुकान थाटून बसला, तर मालकी तुमच्याकडे राहूनही अडवणूक त्याच्या हातात गेलेली असते.